सर जगदीशचंद्र बोस

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही वरच्या वर्गांतील मुलांस घेऊन कचारगडास गेलों होतों. सालेकसा तालुक्यांतील हें स्थान आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें आहे. दरेकसा स्टेशनाकडून रानवाटेनें डोंगर चढून गेलें म्हणजे तेथील विशाल नैसर्गिक गुहा लागते. माघी पौर्णिमेस येथें अनेक राज्यांतून गोंड बांधव मोठ्या संख्येनें जमतात व आपल्या पूर्वजांचें आणि देवतांचें स्मरण करतात. परंतु आज आम्हांस जी गोष्ट सांगावयाची आहे ती गुहेची नव्हे. गुहेकडे जातांना वाटेच्या कडेस ओलसर जागीं आढळलेल्या एका क्षुद्र रोपट्याची आहे.

तें रोपटें लाजाळूचें होतें. मुलांनीं त्यास बोटें लाविलीं, पानें मिटलीं, आणि हंशा पिकला. सर्व मुलें पुढें गेलीं तरी एक मुलगा मात्र तेथेंच बसून राहिला. त्यानें पानाच्या अगदीं टोंकाच्या दोन दळांस स्पर्श केला होता. तीं मिटल्यावर त्यांच्या मागचीं, मग त्यांच्याही मागचीं, अशीं ओळीनें सर्व दळें मिटत गेलीं व शेवटीं सबंध पान देठासह खालीं पडलें. त्यानें आम्हांस विचारलें कीं, बोट तर टोंकास लागलें, मग ही बातमी देठापर्यंत कोणीं नेली? आम्हीं त्यास सांगितलें कीं, हा त्या झाडाचा स्वभावच आहे. मुलगा उठून चालूं लागला. परंतु आपण उत्तर दिलें नाहीं, नुसती टाळाटाळ केली, हें आमचें आम्हांस कळल्यावांचून राहिलें नाहीं. घरीं आल्यावर जुनीं पुस्तकें काढून बसलों, तेव्हां हाच प्रश्न स्वतःस घालून त्याच्या उत्तरापायीं आयुष्याचीं शेवटचीं पस्तीसहून अधिक वर्षें वेंचणाऱ्या एका थोर पुरुषाचें चरित्र पुन्हां एकदां हातीं आलें. तें येथें संक्षेपानें देतों.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं बंगालमधील मैमनसिंग येथें झाला. हा भाग आज बांगलादेशांत आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी असून ब्राह्म समाजाचे अनुयायी होते. त्या काळीं हुद्देदारांचीं मुलें इंग्रजी शाळेंत जात. परंतु भगवानचंद्रांनीं आपल्या मुलास प्रथम गांवच्या बंगाली शाळेंत घातलें. स्वभाषा आली पाहिजे व आपल्या लोकांत मिसळतां आलें पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. त्या शाळेंत जगदीशच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे व दुसऱ्या बाजूस एका कोळ्याचा. त्या दोघांच्या तोंडून पांखरांच्या, जनावरांच्या व पाण्यांतील जीवांच्या गोष्टी ऐकतां ऐकतां सृष्टीविषयींचें कुतूहल आपल्या मनांत रुजलें, असें त्यांनीं उतारवयांत सांगितलें आहे. शाळा सुटल्यावर हे सोबती घरीं येत, तेव्हां जगदीशची आई जुन्या वळणाची असूनही सर्वांस सारखेंच खाऊं घाली. आमच्या तळ्यांच्या जिल्ह्यांतील ढिवरांचीं व गोंडांचीं मुलें ज्या वर्गांत इतरांच्या मांडीस मांडी लावून बसतात, त्या वर्गांतील शिक्षकास हा प्रसंग वाचून काय वाटलें असेल, तें वाचकांनींच ताडावें.

आणखी एक गोष्ट. जगदीशला खांद्यावर बसवून शाळेस पोंचविणारा गडी हा पूर्वीं दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनींच त्यास शिक्षा दिली होती. सुटून आल्यावर काम मिळेना म्हणून तो त्यांच्याच दारीं आला, आणि त्यांनीं त्यास आपल्या मुलाच्या सेवेस ठेविलें. इतका विश्वास टाकणारा बाप ज्यास लाभला, त्या मुलानें पुढें गवताच्या काडीशींही आदरानें वागावें यांत नवल तें काय?

पुढें जगदीश कलकत्त्यास आला व थोडे दिवस हेअर स्कूलमध्यें काढून सेंट झेवियर या मिशनरी शाळेंत दाखल झाला. येथें बहुतेक मुलें युरोपियन होतीं. गांवढळ बंगाली मुलाची प्रथम बरीच थट्टा झाली, मुष्टियुद्धाचें आव्हानही मिळालें. मार खात खात त्यानें तें जिंकलें, तेव्हां थट्टा थांबली, असें चरित्रकार सांगतात. कॉलेजांत त्यास जे गुरु भेटले त्यांचें नांव फादर लाफों. हे बेल्जियम देशाचे जेझुइट धर्मगुरु १८६५ सालीं हिंदुस्थानांत आले व सायन्सचे प्रयोग लोकांसमोर करून दाखविण्याची त्यांनीं कलकत्त्यांत प्रथाच पाडली. फळ्यावर सूत्र लिहून देऊन ते थांबत नसत. प्रत्येक नियम उपकरणानिशीं डोळ्यांपुढें उभा करीत. १८७६ सालीं डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं विज्ञानाच्या अभ्यासासाठीं जी सुप्रसिद्ध संस्था कलकत्त्यास स्थापिली, तिच्या कामीं लाफोंसाहेबांचें मोठें साहाय्य होतें. बोस यांच्या हातांत उपकरणें रचण्याचें जें अपूर्व कसब होतें त्याची गोडी येथें लागली.

१८७९ सालीं बी. ए. होऊन दुसऱ्या वर्षीं ते विलायतेस गेले. प्रथम वैद्यक शिकूं लागले. परंतु ज्वरानें प्रकृति खालावत गेली आणि तो नाद सोडावा लागला. मग केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजांत शास्त्रविषय घेऊन त्यांनीं १८८४ सालीं पदवी मिळविली. लॉर्ड रॅले हे तेथें त्यांचे पदार्थविज्ञानाचे गुरु होते.

१८८५ सालीं परत आल्यावर त्यांस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्रोफेसराची जागा मिळाली. पण तींत एक कांटा होता. त्याच कामास युरोपियन प्रोफेसरास जो पगार मिळे त्याच्या दोनतृतीयांशच हिंदी माणसास देण्याचा शिरस्ता होता. आणि बोस यांची नेमणूक तात्पुरती म्हणून त्याच्याही निम्माच पगार त्यांच्या हातीं ठेवण्यांत आला. त्यांनीं तो घेण्याचें नाकारलें. नोकरी सोडिली नाहीं, तक्रारींचा गवगवा केला नाहीं. रोज वेळेवर वर्गांत जात, मन लावून शिकवीत, आणि महिना भरला कीं पगार परत करीत. असें तीन वर्षें चाललें! हें वाचतांना अंगावर रोमांच उभे राहतात खरे, परंतु आम्हां संसारी शिक्षकांस त्यामागची दुसरी बाजूही दिसते. त्यांचे वडील लोकहिताच्या उद्योगांत पैसे घालून कर्जबाजारी झाले होते. १८८७ सालीं बोस यांचा विवाहही झाला होता. घरीं पैशाची निकड असतां आलेला पगार परत करणें म्हणजे काय, हें ज्यानें महिनाअखेर अनुभविली आहे तोच जाणे. त्यांच्या पत्नी अबलादेवी यांनीं हे दिवस हंसतमुखानें काढिले. या बाईंनीं मद्रासेस वैद्यकाचें शिक्षण घेतलें होतें आणि पुढें बंगालांतील स्त्रीशिक्षणासाठीं त्यांनीं फार मोठें काम केलें. तीन वर्षांनंतर वरिष्ठांनीं हार मानली. बोस यांची नेमणूक कायम झाली व मागील सर्व काळाचा पूर्ण पगार एकदम मिळाला. त्यांतून त्यांनीं वडिलांचें कर्ज फेडण्यास आरंभ केला.

१८९४ सालीं, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशीं, त्यांनीं यापुढें संशोधनास वाहून घेण्याचा संकल्प केला. कॉलेजांत त्यासाठीं प्रयोगशाळा नव्हती. एका स्नानगृहाशेजारच्या चिंचोळ्या खोलींत त्यांनीं काम सुरू केलें आणि उपकरणें साध्या कारागिरांकडून बनवून घेतलीं. हर्ट्झ या जर्मन पंडितानें शोधिलेल्या विद्युल्लहरींपैकीं अवघ्या पांच-सहा मिलीमीटर लांबीच्या लहरी त्यांनीं उत्पन्न केल्या, आणि कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें भिंतींच्या आड या लहरी पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजविली व दारू उडविली. या शोधाचें पेटंट घेऊन धन करावें, असें अनेकांनीं त्यांस सुचविलें; परंतु ज्ञानाचा बाजार मांडणें त्यांस रुचत नसे. अमेरिकेंतील एक पेटंट त्यांच्या नांवें १९०४ सालीं झालें, तें मित्रमंडळींच्या आग्रहामुळें. १८९६ सालीं लंडन विश्वविद्यालयानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. या भागाविषयीं अधिक लिहीत नाहीं, कारण आमच्या मुलाच्या प्रश्नाचा धागा येथून पुढें लागतो.

लहरी पकडण्याच्या आपल्या यंत्रांत बोसबाबूंस एक चमत्कारिक गोष्ट दिसली. यंत्रांतील धातु फार वेळ काम केल्यावर मंद होई, आणि विश्रांति मिळाली कीं पुन्हां ताजातवाना होई. स्नायूंचेंही असेंच असतें. मग त्यांच्या मनांत आलें कीं, निर्जीव धातु आणि सजीव प्राणी यांच्या मध्यें ज्या वनस्पति उभ्या आहेत त्यांचें काय? त्यांनीं प्रथम चेस्टनटचीं पानें घेतलीं, नंतर बाजारांतून गाजरें व सलगम आणले, त्यांस विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहाचें मापन करणाऱ्या गॅल्व्हानोमीटरला जोडलें आणि टिचकी मारिली. कांटा हलला! लाजाळूसारख्या नाजूक झाडांतच नव्हे, तर आपण ज्याची कोशिंबीर करतों त्या गाजरांतही स्पर्शासरशीं विजेची लाट उठते, हें त्यांनीं दाखविलें.

१९०१ सालीं त्यांनीं हे प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडिले. तेथें सर जॉन बर्डन सँडरसन हे शरीरशास्त्राचे वृद्ध महापंडित बसले होते. कीटकभक्षक वनस्पतीच्या पानांतील वीज त्यांनीं स्वतः १८७३ सालीं मोजली होती, त्यामुळें या विषयांत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. सामान्य झाडांत असा विद्युत्प्रतिसाद असणें शक्य नाहीं, आणि पदार्थविज्ञानाच्या मनुष्यानें आपलें क्षेत्र सोडून इकडे येऊं नये, असें त्यांचें मत पडलें. निबंधाचें नांव बदलून सौम्य करावें, अशी सूचनाही झाली. बोस यांनीं ती मानली नाहीं. निबंध छापला गेला नाहीं. दप्तरांत पडून राहिला. इतकेंच नव्हे, तर कांहीं महिन्यांतच दुसऱ्या एका शास्त्रज्ञानें तोच शोध आपला म्हणून प्रसिद्ध केला. १९०२ सालीं लिनियन सोसायटीनें चौकशी करून बोस यांचें अग्रपूजेचें मान मान्य केलें व निबंध छापला.

या दोन वर्षांत त्यांच्या पाठीशीं जीं माणसें उभीं राहिलीं त्यांत कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर, ठाकुरांच्या शब्दावरून द्रव्यसाहाय्य करणारे त्रिपुराचे महाराज राधाकिशोर माणिक्य, आणि त्यांच्या ग्रंथांच्या लेखनांत श्रमणाऱ्या भगिनी निवेदिता हीं प्रमुख होत. निवेदितांसह बोस पतिपत्नी आपल्या महाराष्ट्रांतील अजिंठ्याचीं लेणींही पाहण्यास आलीं होतीं.

आतां वाद बोलून मिटणार नव्हता. झाडांकडूनच साक्ष काढावयास पाहिजे होती. पुढील वर्षांत बोस यांनीं अशीं यंत्रें रचलीं कीं, त्यांत लाजाळूचें पान आपल्या हालचालीची रेघ काजळी धरलेल्या कांचेवर आपणच ओढी व ती रेघ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचतां येई. झाडाची वाढ एका सेकंदांत इंचाच्या सुमारें लाखाव्या भागाइतकी मंद असते, असा त्यांचा हिशेब होता. ती दिसावी म्हणून त्यांनीं क्रेस्कोग्राफ नांवाचें यंत्र केलें. त्याच्या चुंबकीय प्रकारांत ही गति एक कोटी पट मोठी होऊन भिंतीवर प्रकाशाच्या ठिपक्याच्या रूपानें धांवतांना दिसे. भिंगानें एवढें वर्धन कधींच झालें नसतें. या यंत्रावरही कोणी शंका घेतली, तेव्हां १९२० सालीं लंडनमध्यें नामांकित तज्ज्ञांसमक्ष त्यांनीं प्रयोग करून दाखविला. तज्ज्ञांनीं जाहीरपणें ग्वाही दिली, आणि त्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद करून घेतलें. एकोणीस वर्षांपूर्वीं निबंध दप्तरांत ठेवणारी सभा तीच!

आमच्या मतें मात्र क्रेस्कोग्राफहून त्यांची एक लहानशी कृति अधिक दूरदर्शीपणाची आहे. कांचेच्या केंसासारख्या नळींत प्लॅटिनमची बारीक तार घालून तें टोंक ते झाडाच्या जिवंत खोडांत अगदीं थोडें थोडें आंत सरकवीत, आणि प्रत्येक थरांत विजेचा दाब किती आहे हें गॅल्व्हानोमीटरवर पाहत. वैद्य जशी बोट ठेवून नाडी पाहतो तशी ही झाडाची नाडी होय. वीज कोठें आहे हें डोळ्यांनीं दिसत नाहीं, तर एक सूक्ष्म टोंक घेऊन जागोजाग चांचपीत जावें, हा त्यांतील विचार.

त्यांचे सर्वच सिद्धांत टिकले असें नव्हे, आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. धातूंच्या थकव्यास जीवाच्या थकव्याशीं जोडतांना ते फार पुढें गेले. खोडांतील पेशींच्या स्पंदनानें रस वर चढतो, हा त्यांचा सिद्धांत शास्त्रज्ञांनीं स्वीकारला नाहीं. वनस्पतींस प्राण्यांसारखे मज्जातंतु असतात असेंही आज कोणी मानीत नाहीं. परंतु वनस्पतींच्या अंगांतून विजेचे संदेश जातात, ही त्यांची मुख्य गोष्ट खरी ठरली.

ही वीज राहते कोठें, हें त्यांच्यामागून उलगडलें. प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें एक पातळ पटल असतें. एका मिलीमीटरचे दहा लाख भाग कल्पिले तर त्यांतील पांच ते दहा भाग एवढीच त्याची जाडी. या पटलाच्या आंत-बाहेर व्होल्टच्या सुमारें दहाव्या भागाचा फरक असतो. आमच्या विजेरीच्या मसाल्यापुढें हा आंकडा क्षुल्लक वाटेल. पण तो इतक्या पातळ पडद्यावर पडतो कीं मीटरच्या हिशेबानें तो ताण एक कोटी व्होल्टांहून अधिक भरतो. कोरड्या हवेंत ठिणगी पडण्यास मीटरला सुमारें तीस लाख व्होल्ट पुरतात, हें ध्यानांत घ्यावें. त्या पटलांत जागोजाग प्रथिनांचीं दारें बसविलेलीं असतात. तीं उघडलीं कीं पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम यांचे विद्युद्भारित कण आंत-बाहेर धांवतात, आणि हीच ती लाट. १९७६ सालीं जर्मनींतील नेहर आणि साकमान यांनीं कांचेच्या सूक्ष्म नळीचें टोंक बेडकाच्या स्नायूच्या पटलावर टेकवून अशा एकेका दाराची उघडझांप मोजली. तो प्रवाह अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपासचा होता. १९९१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें सूक्ष्मदर्शकच असे निघाले कीं त्यांस भिंग नाहीं: १९८१ सालापासून अणूएवढ्या टोंकानें पृष्ठभाग चांचपणारीं यंत्रें आलीं, आणि १९८९ सालीं खाऱ्या पाण्यानें भरलेली कांचेची नळी पृष्ठभागावरून फिरवून, तिच्यांतील प्रवाहाच्या कमीजास्तीवरून त्याचा नकाशा काढणारें यंत्र अमेरिकेंत तयार झालें. त्या नळीचें चित्र पाहतांना बोसबाबूंच्या त्या प्लॅटिनमच्या तारेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. टोंकाच्या दळास बोट लागतांच तेथील पेशींच्या पटलांतील दारें उघडतात. विजेची आणि तिच्यासंगें कॅल्शियमची लाट दळादळांतून पुढें सरकते. दळांच्या व देठाच्या मुळाशीं जीं फुगीर बिजागरें असतात तेथें ती पोंचली कीं तेथील पेशींतून पोटॅशियम व क्लोराइड बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जातें, आणि पाण्याच्या दाबावर ताठ उभें असलेलें पान खालीं पडतें. २०२२ सालीं जपानी संशोधकांनीं कॅल्शियम येतांच चमकूं लागणारें लाजाळू तयार करून ही लाट धांवतांना प्रत्यक्ष दाखविली.

बोस १९१५ सालीं नोकरींतून निवृत्त झाले. १९१७ सालीं सरकारनें त्यांस सर ही पदवी दिली, व त्याच वर्षीं, आपल्या वाढदिवशीं म्हणजे ३० नोव्हेंबरास, त्यांनीं कलकत्त्यास आपलें संशोधनमंदिर उघडलें. आयुष्यभर काटकसरीनें सांठविलेला पैसा त्यांनीं त्यांत ओतला. तें मंदिर आजही चालू असून त्यांचीं हातचीं यंत्रें तेथें जपून ठेविलीं आहेत. २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं गिरिडीह येथें, एकोणऐंशी वर्षें पुरीं होण्यास एकच आठवडा उरला असतां, त्यांचें देहावसान झालें.

कचारगडाहून आणलेलें तें रोपटें प्रवासांत सुकलें. पण त्याच्या शेंगांतील बीं आम्हीं शाळेंत कुंडींत पेरलें आणि त्याचीं तीन रोपें झालीं. तो मुलगा रोज मधल्या सुटींत एका पानास टिचकी मारतो, आणि तें पुन्हां उघडेपर्यंत किती मिनिटें लागलीं हें घड्याळ पाहून वहींत लिहितो. ढगाळ दिवसांचे आंकडे त्यानें तांबड्या शाईनें वेगळे मांडले आहेत.